स्वस्तातला गेमिंग पीसी जोडताय? पार्ट निवडताना या चुका टाळा

बजेट तुटपुंजं असलं तरी बहुतेकांची यादी प्रोसेसरपासूनच सुरू होते. तिथे हात सैल सुटतो, मग एखादा देखणा मदरबोर्ड, मग चमचमणारे पंखे, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड. क्रम नेमका उलटा हवा. आधी मॉनिटर ठरवा. १०८०पी रिझोल्यूशनवर, ६० हर्ट्झवर (स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते) खेळणार की १४४ हर्ट्झवर, यावर कार्ड ठरतं आणि कार्डावर प्रोसेसर. सहा कोअरचा साधा प्रोसेसर आणि दमदार कार्ड ही जोडी बहुतेक गेममध्ये महागडा प्रोसेसर आणि फुटकळ कार्डाला मागे टाकते. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये खूप जास्त एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हवे असतील, तर प्रोसेसरकडे थोडे अधिक पैसे वळवायला हरकत नाही. कोणता पार्ट कोणाला अडवतो ते सांगणाऱ्या ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ नावाच्या साइट्सच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. गेम बदलला, रिझोल्यूशन बदललं की तो आकडा निरर्थक ठरतो.

नाव एक, माल वेगळा

जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड दोन प्रकारांत मिळतं. एकात जीडीडीआर५ मेमरी, दुसऱ्यात डीडीआर४. पहिल्याची मेमरी बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याची जेमतेम १७. खोक्यावर नाव तेच! आरटीएक्स ३०५० चंही तसंच. ८ जीबीच्या मूळ कार्डात २५६० कोअर, ६ जीबीच्या कार्डात २३०४. म्हणजे फरक नुसता मेमरीचा नाही. कार्डाचं नाव वाचून थांबू नका, मेमरीचा प्रकार, मेमरी बसची (मेमरीच्या वाटेची) रुंदी आणि पीसीआयई लेनची (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटांची) संख्या या तीन ओळी तपासा.

त्यातली लेनची ओळ सगळ्यात कमी वाचली जाते आणि स्वस्त बिल्डला तीच सगळ्यात जास्त नडते. २०२२ साली आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआयईच्या फक्त ४ लेन वापरतं. पीसीआयईच्या ४.० आवृत्तीवर तेवढ्यात भागतं. ३.० वर तीच वाट निम्मी होते. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की उरलेली टेक्स्चर्स (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) याच अरुंद वाटेने सिस्टिम रॅममधून आणावी लागतात आणि गेम धक्के खात चालतो. आता गंमत बघा. रायझन ५ ५५०० हा प्रोसेसर ३.० वरच अडतो, बोर्ड ४.० चालणारा बी५५० असला तरी. ए५२० बोर्डही ३.० चाच, त्यात कितीही चांगला प्रोसेसर बसवा. दोन्ही पार्ट आपापल्या जागी ठीक, पण ४ लेनच्या कार्डाशी गाठ पडली की आकडे घसरतात. रायझन ५ ५६०० मध्ये ४.० आहे, शिवाय एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ५५०० च्या दुप्पट, ३२ एमबी. या दोघांत निवड करायची असेल तर मी डोळे झाकून ५६०० कडे जाईन.

एसएमपीएसवर काटकसर

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा, बाजूचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. समजा तिथे २८ अँपिअर लिहिलंय, तर २८ गुणिले १२, म्हणजे ३३६ वॅटच खऱ्या कामाचे. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेला, ज्याचा गेमिंगला फारसा उपयोग नाही. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची कार्यक्षमता सांगतो. ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटपासून संरक्षण किती आहे, हे त्यावरून कळत नाही.

कनेक्टरही मोजा. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. एसएमपीएसला ८ पिनची केबलच नाही म्हणून साटा (एसएसडी-हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून कन्व्हर्टर लावणं हा निव्वळ आगीशी खेळ, कारण एक साटा कनेक्टर १२ व्होल्टवर साधारण ५४ वॅटपुरताच बनवलेला असतो. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्या केबल परत वापरू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी मॉडेलगणिक वेगळी असू शकते, आणि चुकीची केबल एसएसडी किंवा बोर्ड जाळू शकते.

डेस्कटॉपवर सगळं सुरळीत, पण गेममध्ये लोड वाढला की पीसी निळा स्क्रीनही न दाखवता फटकन बंद होऊन रिस्टार्ट होतो? पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

रॅम

१६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणार असाल तर एका स्टिकवर एफपीएसला मोठा फटका बसतो, कारण ते ग्राफिक्स सिस्टिम रॅमच वापरतं. चार स्लॉट असतील तर स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लागू करणारी सोय, चालू करायचं राहिलं, तर ३२०० ची रॅम मुकाट्याने २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड लगेच दिसतो.

कॅबिनेटबाबत थोडक्यात: पुढे जाळी हवी, सपाट बंद काच नको, आणि कार्डाची लांबी व कूलरची उंची आधी मोजून घ्या.

जोडला, पण स्क्रीन काळाच

आधी मॉनिटरची केबल कुठे आहे ते पाहा. ती बोर्डाला लागलेली असते आणि कार्ड मोकळं, हे अगदी नेहमीचं. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, किंवा प्रोसेसर रायझन ५ ५६०० असेल, तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून काही दिसणारच नाही, कारण आत ग्राफिक्स नाही. जुन्या बी४५० बोर्डात रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवलाय? मग बायोस अपडेट लागू शकतं. प्रोसेसरशिवाय बायोस भरता येणारा बोर्ड घेतला असेल तर इथे सुटका होते. एएम५ (रायझन ७००० पासूनच्या प्रोसेसरचा) बोर्ड मात्र पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळणी करायला काही मिनिटं घेऊ शकतो. तेवढा वेळ स्क्रीन काळाच राहतो. घाबरून वीज तोडू नका.

चित्र आलं, पण १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० चाच वाटतोय, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. आणि प्रोसेसरचं तापमान सुरुवातीपासूनच ९० अंशांच्या पुढे असेल, तर कूलर काढून त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म निघाली आहे ना, ते बघा.