बाळाचं वरचं खाणं: डाळीचं पाणी नको, डाळ द्या

बाळाला सहावा सरत आला की घरात एकच विषय, आता वरचं काय सुरू करायचं, आणि सल्ले द्यायला दहा जणं. आजी म्हणते डाळीचं पाणी दे, काकू म्हणते भाताची पेज बरी, कुणी सफरचंदाचा ज्यूस सुचवतं. सगळी मायेनेच सांगतात पण सगळं पातळच सांगतात. मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय, पातळ देऊ नका. बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं, ती जागा डाळीच्या पाण्याने अडवली तर पोट फुगतं, दूध कमी पितं आणि अंगाला काहीच लागत नाही. डाळीतलं जे काय सत्त्व आहे ते तळाशी बसलेल्या गाळात आणि आपण वरचं निवळ देतो, कमाल आहे ना. हाडांच्या सूपचं आणि भाज्यांच्या पाण्याचं पण तेच.

परीक्षा सोपी आहे. चमचा भरा आणि थोडा तिरका करा, ओघळून गेलं तर पातळ, चमच्यावर टिकून राहिलं तर बरोबर.

आता सुरू कधी करायचं, तर सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवस. यात आपल्याकडे उष्टावणाचा एक घोळ असतो. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम असं मानतात, मग मुलीचं पाचव्यातच उरकतात आणि दुसऱ्या दिवसापासून भरवायला लागतात, ते लवकर होतं. त्यात कुणी लागलेला महिना धरतं कुणी पूर्ण झालेला. सहा पूर्ण झाले म्हणजे सातवा लागला, मुलीचं तेव्हा करा, शास्त्र पण सांभाळलं आणि डॉक्टर पण खूश. मुलाचं करायचं तर सहा पूर्ण झाल्या झाल्या करा. मामाच्या मांडीवर बसून खिरीचं बोट चाटलं तर काही होत नाही, फोटो काढा, मजा करा, फक्त ते समारंभापुरतंच ठेवा. आणि कार्यक्रमाला मामाला सुट्टी मिळत नाही म्हणून आठव्यापर्यंत बाळाला नुसत्या दुधावर ठेवू नका, खाणं सुरू करून टाका, उष्टावण मागून होईल.

बाळ तयार आहे का ते पण बघा. मान सावरते, आधाराने बसतं, तोंडात काही घातलं की जीभ लगेच बाहेर ढकलत नाही, तुमच्या ताटाकडे टक लावून बघतं आणि हात घालतं. दात नसले तरी चालतं, हिरड्यांनी मस्त चावतात. बाळ खूप आधी जन्मलेलं असेल तर तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सहाव्यानंतर आईचं दूध "पातळ झालं", त्यात आता काही उरलं नाही असं म्हणतात ते साफ चुकीचं. दूध तेच असतं आणि तेवढंच चांगलं असतं, बाळाची गरज वाढलेली असते. विशेषतः लोहाची. पोटात असताना आईकडून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह मुळातच अगदी थोडं. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ६७ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला होता, म्हणजे तीनातली दोन. त्यामुळे वाटीत काय आहे हे बघणं महत्त्वाचं, नुसतं खाल्लं का नाही एवढं बघून भागत नाही.

सुरुवात खिमटाने करा असं मी सगळ्यांना सांगते. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, दोन्ही धुवून पंचावर सावलीत पसरून खडखडीत वाळवायचं. मग मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं कारण डाळ आधी लाल होते आणि तांदूळ मागे राहतो. डाळीचा खमंग वास आला आणि तांदूळ जरा फुलल्यासारखा पांढरा झाला की बास. त्यात चिमूटभर भाजलेलं जिरं. गार झालं की मिक्सरला बारीक रव्यासारखी भरड काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पंधरा दिवसांचीच करा जास्त नको. शिजवताना दोन मोठे चमचे भरड आधी गार पाण्यात कालवायची, थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. एकूण पाऊण कप पाणी पुरतं, मंद गॅसवर सतत ढवळत सात-आठ मिनिटं, तळापासून बुडबुडे फटफट फुटायला लागले आणि डावाला चिकटायला लागलं की उतरवा. वरून अर्धा चमचा साजूक तूप. तुपाला घाबरू नका हो, एवढ्याशा पोटात जास्त ताकद घालायची तर तुपासारखी गोष्ट नाही. गार झाल्यावर खिमट अजून आळतं, मग सैल करायला पाण्याऐवजी काढून ठेवलेलं आईचं दूध घाला, ते मात्र उकळायचं नाही.

पहिले काही दिवस दोन-तीन चमचे, दिवसातून एकदा-दोनदा, सकाळी बाळ ताजंतवानं असताना. अगदी भुकेलं असताना नको, रडून गोंधळ घालतं, आधी थोडं पाजून मग भरवा. थुंकेल, तोंड वाकडं करेल, ते आवडलं नाही म्हणून नसतं, जिभेला सवय नसते. एखादी गोष्ट आठ-दहा वेळा समोर यावी लागते तेव्हा कुठे पटते. भोपळा, गाजर, रताळं, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, पपई, चिकू, एकेक करून आणा, नवीन काही दिलं की दोन-तीन दिवस तेच बघा.

नाचणीबद्दल वेगळं सांगते कारण सगळ्यांचा फार विश्वास असतो तिच्यावर. कॅल्शियमला नाचणी एक नंबर, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वरच. मोड आणून वाळवून दळली तर अजून चांगली, कारण मोडाच्या पिठाची पेज शिजताना सैल होते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. पण वाटून, वस्त्रातून गाळून नुसतं पांढरं सत्त्व काढायची जी पद्धत आहे त्यात साल जातं आणि सालाबरोबर बरंच काही जातं. बारीक चाळणीने चाळलेलं पीठ वापरा. आणि लोहासाठी नाचणीच्या भरवशावर राहू नका.

लोहासाठी खात असाल तर अंडं, मासे, चिकन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत सहा महिन्यांपासून हे रोजच्या खाण्यात असावं असंच म्हटलंय, वर्षापर्यंत थांबायची गरज नाही. अंडं पूर्ण कडक उकडून, आधी पिवळा बलक खिमटात कुस्करून आणि मग पांढरं. कोकणात मुडदुशी देतात लहान मुलांना, मऊ असते, फक्त काटा डोळ्यांनी शोधू नका, बोटाने चिवडून चिवडून बघा. चिकन उकडून मिक्सरला बारीक करून भातात. शाकाहारी घरात मूग, मसूर, पालक वगैरे आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब, लिंबामुळे डाळ-भाजीतलं लोह अंगाला लागतं. शिवाय आशाताई लोहाचं सिरप देतात, सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा एक एक मिली, ते घरातल्या कपाटात पडून राहतं बऱ्याचदा. द्या ते. शी काळी होते, त्याचं टेन्शन घेऊ नका.

शेंगदाण्याची भीती पण काढून टाका. अ‍ॅलर्जी होईल म्हणून उशिरा द्यायचे असं पूर्वी सांगायचे, आता उलट लवकर द्या म्हणतात. भाजून, सालं काढून, अगदी लोण्यासारखं बारीक वाटून पाव चमचा खिमटात. बाळाच्या अंगावर खूप इसब असेल किंवा अंड्याने पुरळ आलं असेल तर मात्र आधी डॉक्टर. अख्खा दाणा, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खं द्राक्ष हे चार-पाच वर्षांपर्यंत हातात सुद्धा नको, घशात अडकतं. खाताना ओकारी काढल्यासारखं करणं, खोकणं हे नॉर्मल, घाबरून पाठीत धपाटे घालू नका. आवाजच बंद झाला, रंग बदलला तर ते अडकणं. तेव्हा एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, निघेपर्यंत आलटून पालटून आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, अजून आत जातं.

एक वर्षाच्या आत काय नको तर मध. गुटीतून पण नको, चाटवायला पण नको, त्यातल्या जंतूंचं विष लहान बाळाला झेपत नाही. मीठ आणि साखर नको, चव तुम्हाला लागते, बाळाला अळणी म्हणजे काय ते माहीतच नसतं. गाईचं-म्हशीचं दूध प्यायला नको. जायफळ उगाळून झोप लागते म्हणून देऊ नका. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट तर अजिबातच नको, चहा लोह अडवतो. बाटली नको, वाटी-चमचा. लहान बाळांच्या दुधाच्या आणि खाण्याच्या डब्यांवर बाळाचा फोटो का नसतो माहितीये? १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांची जाहिरात पण करता येत नाही. प्रवासात अडीअडचणीला डबा वापरलात तर ठीक, रोजचा आधार खिमटाचा.

प्रमाण साधारण असं, सहा ते आठ महिने दिवसातून दोन-तीनदा, वाढवत वाढवत अर्ध्या कपापर्यंत. नऊ ते अकरा तीन-चारदा अर्धा कप. वर्षानंतर पाऊण ते एक कप आणि मधे एक-दोनदा खाऊ. कप म्हणजे २५० मिलीचा. आठव्यानंतर मिक्सर बंद करा, हाताने कुस्करा, थोडे कण राहू द्या, कारण दहा महिने उलटेपर्यंत गुळगुळीतच दिलं तर पुढे घास चावत नाहीत, तोंडात धरून बसतात. उकडलेल्या गाजराची बोटं, इडलीचा तुकडा हातात द्या, अर्धं जमिनीवर जाईल, वर्तमानपत्र अंथरा खाली.

तोंड फिरवलं म्हणजे पोट भरलं. मोबाईलवर गाणी लावून घास कोंबू नका, पुढे तुम्हालाच जड जातं. उरलेलं नंतरसाठी ठेवू नका, बघा कधी, उष्ट्या वाटीतल्या खिमटाला अर्ध्या तासात पाणी सुटलेलं असतं, ती बाळाच्या लाळेची करामत, आणि लाळेबरोबर जंतू पण त्यात वाढतात. उकळून गार केलेलं पाणी जेवणाबरोबर घोट-दोन घोट पुरे.

आईचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही. जुलाब झाले तर खाणं-पाजणं बंद करू नका, उलट थोडं थोडं जास्त वेळा द्या, ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस डॉक्टरांना विचारून. नवव्या महिन्यात गोवरची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस असतो तेव्हा वजन करून कार्डावरची रेघ बघा. रेघ वर जातेय तर घरात कोण काय म्हणतंय ते सोडून द्या, लागोपाठ दोन महिने आडवी राहिली तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा.