खालच्या खोलीला दुसरी वाट: खिडकीसाठी भिंत स्वतः फोडावी की गवंडी लावावा?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा सासूबाई खालच्या खोलीत होत्या. आमचं घर दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात उतारावर आहे. रस्त्यावरून एकमजली दिसतं, आगरातून, म्हणजे खालच्या बागेतून, दुमजली. खालची खोली तीन बाजूंनी जमिनीत रुतलेली, दार फक्त पश्चिमेला. त्या दारावर फणस आडवा पडला. खोलीला हातभर झरोका होता, पण त्याचे गज भिंतीतच चिणलेले. वारा पडल्यावर फांद्या तोडून दार मोकळं करायला अडीच तास लागले. सासूबाईंना काही झालं नाही, पण आतून त्यांची हाक येत होती ती अजून माझ्या कानात आहे. या खोलीला दुसरी वाट करायचीच, हे त्या दिवशी ठरलं.

खिडकी केवढी हवी हे आधी ठरवा. अमेरिकेत तळघरं सर्रास असतात आणि तळघरात झोपायची खोली असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागतेच. तिथल्या निवासी बांधकाम संहितेतली मापं मी वहीत उतरून घेतली होती. उघडल्यावर मोकळी जागा किमान 5.7 चौरस फूट, उंची किमान 24 इंच, रुंदी किमान 20 इंच, आणि खिडकीची खालची कड आतल्या जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नको. इथे एक फसगत होते. 24 आणि 20 इंच दोन्ही किमान धरले तर जेमतेम साडेतीन चौरस फूटही भरत नाहीत, म्हणजे एक तरी माप वाढवावंच लागतं. स्लायडिंग खिडकी तर घेऊच नका, तिची निम्मीच जागा उघडते. आपल्याकडे हा नियम लागू नसला तरी बाहेर पडणाऱ्या माणसाचं अंग तेवढंच असतं.

मी भोक 36 बाय 36 इंच धरलं. आमचा चिरा (जांभा दगड) सात इंच उंच, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) धरून पाच थरांत 36 इंच बसतात, त्यामुळे वर-खाली चिरा कापावा लागला नाही. चौकट बसल्यावर 30 बाय 30 मोकळे राहिले, म्हणजे सव्वासहा चौरस फूट. कड जमिनीपासून 30 इंचांवर ठेवली आणि आत चिऱ्याची एक पायरी बांधली, कारण सासूबाई तेव्हा 78 वर्षांच्या होत्या.

कुठली भिंत फोडायची, हा प्रश्न मात्र स्वतः सोडवू नका. दापोलीहून एका सिव्हिल इंजिनियरना एकदा बोलावून घेतलं. पूर्वेची भिंत पूर्ण उंचीभर डोंगराची माती पेलते, तिला हात लावायचा नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दक्षिणेला बाहेरची माती चार फुटांपर्यंतच होती आणि माळ्याच्या तुळयांची टोकं त्या भिंतीवर येत नव्हती, म्हणून ती निवडली. खिडकीची कड त्या मातीच्या खाली येणार, म्हणून बाहेर खड्डा खणावा लागणारच होता. त्यांची फी हा या कामातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च.

पहिला ठेकेदार म्हणाला, एका दिवसाचं काम आहे, चिरा चिऱ्याला धरतो, लिंटेल (भोकावरचं वजन पेलणारी काँक्रीटची आडवी तुळई) कशाला? त्याला मी नमस्कार केला. आमची भिंत मातीच्या दर्जांची आहे, खालचे चिरे काढले की वरचे सुटतातच. ठेकेदाराला तीन गोष्टी विचारा: लिंटेल कधी आणि कसं घालणार, टेकू कुठे देणार, खड्ड्यातलं पाणी कुठे जाणार. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्या दोन उत्तरांवरही भरवसा ठेवू नका.

शेवटी मजुरीवर एक जुने गवंडी काका आणि दोन गडी लावले, माल आम्ही आणला. काकांची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नऊ इंचांच्या भिंतीसाठी त्यांनी अंगणात चार-चार इंच रुंदीची दोन लिंटेलं ओतली, लांबी 48 इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीवर टेकतील अशी. तीन आठवडे गोणपाट घालून पाणी मारायचं काम माझं. मग आत-बाहेर टेकू दिले, आतल्या बाजूने अर्ध्या जाडीची खाच काढून एक लिंटेल सरकवलं, वरची फट सिमेंटने ठासून भरली. चार दिवसांनी तसंच बाहेरून दुसरं. त्यानंतर आठवडाभर थांबून खालचे चिरे वरच्या थरापासून एकेक काढले. घण मारला नाही, दर्जा मोकळी करून पहारीने हलवले. एकेका लिंटेलचं वजन 45 किलोच्या पुढे जातं, त्यामुळे ते चढवताना दोन माणसं आणि खाली मोकळी जागा हवीच. हे काम घरच्या घरी करू नका.

घरच्यांनी करण्यासारखं पुष्कळ उरतं. बाहेरचा खड्डा मुलाने आणि मी फेब्रुवारीत खणला: भिंतीपासून तीन फूट पुढे, चार फूट रुंद, तळ खिडकीच्या कडेपासून सहा इंच खाली. बाजूंना काढलेल्याच चिऱ्यांची भिंत, चढायला एक पायरी. (अमेरिकेत असा खड्डा 44 इंचांपेक्षा खोल असेल तर शिडी लावावी लागते.) इथे मृगाचा पाऊस सुरू झाला की असा खड्डा एका रात्रीत भरतो. म्हणून तळाला उतार, चार इंची पीव्हीसी पाइप थेट खालच्या गटारात, वर खडी, पाइपाच्या तोंडाला जाळी. पहिल्या पावसाळ्यात जाळी नव्हती, फणसाची पानं अडकली आणि पाणी कडेला टेकलं. पागोळ्याही खड्ड्यात पडत होत्या, तिथे पन्हळ लावून त्या बाजूला वळवल्या.

चौकट त्याच पडलेल्या फणसाची केली. बिजागऱ्या आणि कड्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, खाऱ्या हवेत साध्या लोखंडी दोन वर्षांत जाम होतात. तावदानं आत उघडणारी, ग्रील बाहेर उघडणारं. आणि कळकळीने सांगते, ग्रीलला कुलूप नको. आतून हाताने सरकेल अशी कडी, बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी. चोराच्या भीतीने कुलूप लावलंत तर अंधारात किल्ली कोण शोधणार?

सगळं काम ठेकेदाराला द्यायचं तर 42,000 रुपये सांगितले होते. आम्हाला इंजिनियरच्या फीसकट 26,000 लागले, आणि दोन महिने.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी बिजागऱ्यांना तेल देते, पाइपात बादलीभर पाणी ओतून बघते, मग दिवे घालवून सासूबाईंना त्याच वाटेने बाहेर यायला सांगते. मागच्या खेपेला मुलाचा हात न धरता आल्या.