जुन्या सरकारी वकिलाचे आणि न्यायाधीशाचे चरित्र कसे जुळवावे

घरात कोणीतरी ‘आमचे पणजोबा जज्ज होते’ असे सांगते आणि तेवढ्यावर आपण लिहायला बसतो. तसे न करता आधी पद निश्चित करावे, कारण बोलण्यातल्या ‘जज्ज’ या एका शब्दात तालुक्याच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत सगळेच येतात. मुंबई इलाख्यात १८६९च्या दिवाणी न्यायालय कायद्यानंतर ‘मुन्सफ’ (खालच्या दिवाणी न्यायालयाचा न्यायाधीश) हे पदनाम जाऊन ‘सबॉर्डिनेट जज्ज’ आले, पण लोकांच्या तोंडी मुन्सफच राहिला; म्हणून आजीच्या आठवणीतला मुन्सफ सरकारी कागदांत दुसऱ्या नावाने शोधावा लागतो. ‘सरकारी वकील’ या शब्दाचेही तसेच आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होत तिथे, सॉलिसिटरने नेमलेले बॅरिस्टर आणि ॲडव्होकेट उभे राहत; खालच्या न्यायालयांवरची अपिले चालणाऱ्या अपील शाखेत ‘वकील’ या वेगळ्या वर्गालाही मुभा होती. सरकारच्या बाजूने सर्वांत वर ॲडव्होकेट जनरल, अपील शाखेत गव्हर्नमेंट प्लीडर आणि जिल्ह्यांत जिल्हा सरकारी वकील असत. आपला माणूस यांपैकी नेमका कोण होता, हे ठरल्याशिवाय पुढचे काम निष्फळ ठरते.

त्यानंतर निकालपत्रांचे अहवाल घ्यावेत. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका १८७६पासून आणि ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९पासून मिळतो. बहुतेक जण थेट निकाल वाचतात. मी मात्र आधी हकीकत संपून निकाल सुरू होण्यापूर्वीची ती एक-दोन ओळींची जागा पाहतो, जिथे अपीलकर्त्यातर्फे कोण आणि प्रतिवादीतर्फे कोण उभे होते ते छापलेले असते. वर्षामागून वर्ष ती ओळ पाहत गेले की नाव ‘सरकारतर्फे’ कधी येऊ लागले ते कळते, आणि एके दिवशी ते तिथून नाहीसे होऊन निकालाच्या माथ्यावर कधी चढले तेही कळते. मृत्युलेखातल्या स्तुतीपेक्षा ही ओळ फार विश्वासाची आहे.

दिनशा दावर यांचे उदाहरण पाहावे. १८९७मध्ये टिळकांच्या जामिनासाठी ते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे वकील म्हणून उभे राहिले आणि जामीन मिळाला. १९०८मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात तेच दावर न्यायासनावर होते. टिळकांसाठी बॅरिस्टर जिनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला आणि २२ जुलैला ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने दोषी ठरवल्यावर सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. अशा वेळी चरित्रकाराने दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवाव्यात आणि विशेषणे आवरावीत.

नावांच्या आद्याक्षरांपासून मात्र सावध राहावे. इंग्रजी अहवालातला ‘व्ही.’ हा विष्णू, वासुदेव किंवा विनायक यांपैकी कोणीही असू शकतो. मी स्वतः चार महिने भलत्याच वकिलाची टिपणे जमवली होती. जुलैच्या एकाच आठवड्यात तो रत्नागिरीत आणि मुंबईतही दिसला, आणि पावसाळ्यात कोकणची आगबोट बंद असे हे आठवले, तेव्हा कुठे ही दोन माणसे असल्याचे ध्यानात आले.

नेमणुका आणि बदल्या सरकारी गॅझेटात सापडतात, आणि त्यासाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार गाठावे. तिथे ‘हंगामी’ हा शब्द चुकवू नये: कायम न्यायाधीश रजेवर गेले की काही महिन्यांपुरती नेमणूक होई आणि घरच्यांच्या सांगण्यात ती कायमची होऊन बसते. जुनी मराठी वृत्तपत्रे आणि नियतकालिके दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहावीत. शकातले वर्ष इसवीत आणताना एरवी ७८ मिळवावेत, पण १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९.

न्यायालयाबाहेरचे आयुष्यही तारखांच्या चौकटीतच वाचावे. नारायण गणेश चंदावरकर १९००मध्ये लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि १९०१मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यानंतर ते राजकारणापासून दूर दिसतात, याला कोणी भीती म्हणू नये, कारण न्यायासनाची ती अटच होती. त्या वर्षांतला माणूस प्रार्थना समाजाच्या आणि समाजसुधारणेच्या कामात शोधावा.

शेवटी तीन-चार निकाल निवडून पूर्ण वाचावेत आणि त्यांपैकी एखाद्यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयात, अपील झाले होते का, हे जरूर तपासावे. उलटलेला निकाल घरच्या आठवणींत सहसा नसतो, त्यामुळे ती नोंद आपल्यालाच करावी लागते.