ग्राफानातल्या कायमच्या चाव्या बंद करायच्या आधी

कायमच्या चाव्या म्हणजे मुदत नसलेली टोकनं, पासवर्ड आणि ॲक्सेस की. त्या बंद करायची ही यादी ज्यांचं ग्राफाना (डॅशबोर्ड दाखवणारं साधन) ईसी२ वर (एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडमधला सर्व्हर) डॉकरमध्ये (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालतं, लॉगिन कीक्लोकमधून (सगळ्या ॲपांचं लॉगिन एकत्र सांभाळणारा सर्व्हर) होतं आणि डेटा अथीनामधून (एडब्ल्यूएसची क्वेरी सेवा) येतो त्यांच्यासाठी. एचटीटीपीएस आणि बॅकअप झालेले असणारच.

सुरुवात लॉगिनपासून करू नका, सर्व्हिस अकाउंटच्या (माणसाऐवजी स्क्रिप्टसाठी असलेल्या खात्याच्या) टोकनांपासून करा. माणसांचं लॉगिन कितीही कडक केलंत तरी ‘जीएलएसए’ने सुरू होणारं टोकन कीक्लोकला विचारायला जातच नाही. मुदत न घालता काढलेलं असेल, तर काढणारा नोकरी सोडून गेला तरी ते चालू राहतं. ॲडमिनिस्ट्रेशनमधली सर्व्हिस अकाउंटांची यादी उघडा आणि एकेका अकाउंटच्या आत शिरून टोकनं बघा: कुठल्या स्क्रिप्टसाठी आहे, कोण सांभाळतं, शेवटचं कधी वापरलं, कधी संपतं. ऑर्गनायझेशन (ग्राफानातले स्वतंत्र कप्पे) एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकीत हे पुन्हा करा, कारण ही अकाउंटं ऑर्गनायझेशननुसार वेगळी असतात. मालक सापडत नसेल तर अकाउंट आधी डिसेबल करा, आठवडाभर कोणी ओरडतं का बघा, मगच डिलीट.

नवी टोकनं बेमुदत निघू नयेत म्हणून ग्राफानाच्या सेटिंग फाइलमधल्या ऑथ विभागातलं ‘एपीआय की मॅक्स सेकंड्स टू लिव्ह’ 86400 (सेकंद, म्हणजे एक दिवस) करा. मुळात ते -1 असतं, म्हणजे मर्यादाच नाही. पण ही मर्यादा टोकन काढताना तपासली जाते. जुनी टोकनं तिला जुमानत नाहीत, ती हातानेच काढावी लागतात.

मग स्क्रिप्टांचं काय? त्यांना कीक्लोकमध्ये वेगळा क्लायंट (ॲपची नोंद) द्या आणि ग्राफानात जेडब्ल्यूटी ऑथ (कीक्लोकने सही केलेलं टोकन दाखवून प्रवेश) चालू करा. स्क्रिप्ट दर वेळी ताजं टोकन घेईल. कीक्लोकच्या मूळ सेटिंगमध्ये ते 5 मिनिटं टिकतं. ‘एक्स्पेक्ट क्लेम्स’मध्ये (टोकनात काय असलंच पाहिजे ते सांगणारी सेटिंग) इश्युअर (टोकन कोणी दिलं) आणि ऑडियन्स (कोणासाठी दिलं) दोन्ही घाला. ते रिकामं ठेवलंत तर त्याच रेल्ममधल्या (कीक्लोकमधला खात्यांचा आणि ॲपांचा एक कप्पा) भलत्याच ॲपसाठी दिलेलं टोकनही इथे चालून जाईल. क्लायंटचं सीक्रेट (त्याचा पासवर्ड) एडब्ल्यूएसच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा, स्क्रिप्टशेजारच्या फाइलमध्ये नको.

आता माणसं. लॉगिन फॉर्म लपवला म्हणजे पासवर्ड बंद झाला असं नाही. बेसिक ऑथ (विनंतीसोबतच नाव-पासवर्ड पाठवणं) वेगळं आहे आणि मुळात चालूच असतं. ॲडमिनचा पासवर्ड माहीत असलेला कोणीही एपीआयवरून (प्रोग्रामसाठीच्या वाटेने) आत येतो. ‘ऑथ डॉट बेसिक’ही बंद करा. ‘रोल ॲट्रिब्यूट स्ट्रिक्ट’ ट्रू ठेवा, नाहीतर ज्याचा गट कुठल्याच भूमिकेशी जुळत नाही तोही व्ह्यूअर होऊन आत येतो. कीक्लोकमध्ये गट बदलला तरी ग्राफानातली भूमिका पुढच्या लॉगिनला बदलते, आणि ग्राफानाचं सेशन मुळात 30 दिवसांपर्यंत चालू शकतं. ते 12 तासांवर आणा.

डेटाकडे जाणारी वाट. अथीनाच्या डेटा सोर्समध्ये ॲक्सेस की नको, ‘एडब्ल्यूएस एसडीके डिफॉल्ट’ निवडा आणि अझ्यूम रोलचा (तात्पुरत्या घ्यायच्या भूमिकेचा) एआरएन (तिचं एडब्ल्यूएसमधलं पूर्ण नाव) द्या. एडब्ल्यूएस विभागातल्या परवानगीच्या यादीतून ‘कीज’ काढून टाका, म्हणजे पुन्हा कोणी की चिकटवणार नाही. आयएमडीएसव्ही2 (ईसी२ सर्व्हरला तात्पुरती क्रेडेन्शियल देणारी सेवा) सक्तीचं असेल आणि हॉप लिमिट (तिचं उत्तर नेटवर्कमध्ये किती टप्पे जाऊ शकतं) 1 असेल, तर डॉकरच्या ब्रिज नेटवर्कमधल्या कंटेनरला क्रेडेन्शियल मिळत नाही. ते 2 करा. एका रोलवरून दुसरा रोल घेताना सेशन 1 तासापेक्षा जास्त मिळत नाही, रोलवर 12 तास लिहून ठेवले तरी. क्वेरी ‘ॲक्सेस डिनाइड’ देत असेल तर बहुतेक वेळा निकालाच्या बकेटवर (अथीना निकाल ठेवतं तो एस3 मधला साठा) लिहिण्याची परवानगी राहिलेली असते. त्या बकेटमध्ये निकाल सीएसव्ही म्हणून पडून राहतात, तेव्हा 7 दिवसांत पुसणारा लाइफसायकल नियम लावा.

प्रोव्हिजनिंगच्या (ग्राफाना सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या) फाइली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि गिटचा इतिहास यांत ‘एकेआयए’ शोधा. त्याने सुरू होणारी की कायमची असते, ‘एएसआयए’ने सुरू होणारी तात्पुरती. सापडलेली की आधी इनॲक्टिव्ह, मग डिलीट.

आणि टोकनं? पुन्हा बघा. पाहणी आणि आजचा बदल यांच्यामध्ये कोणीतरी ‘फक्त टेस्टसाठी’ एक काढलेलं असतं. बदल लागू झाल्यावर जुनं टोकन घेऊन कर्ल मारा (टर्मिनलवरून एपीआयला विनंती पाठवा), 401 (प्रवेश नाकारला) आलंच पाहिजे. 200 (विनंती मान्य) आलं तर काम झालेलं नाही, बाकी सगळं हिरवं दिसत असलं तरी.

उरलेलं थोडक्यात. पब्लिक डॅशबोर्ड आणि स्नॅपशॉट तपासा, त्यांना लॉगिन लागत नाही. ॲनॉनिमस (लॉगिनशिवाय) प्रवेश बंद. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीवर (वेळ आपोआप जुळवणारी सेवा), नाहीतर 5 मिनिटांची टोकनं विनाकारण नाकारली जातात. कीक्लोक बंद पडलं तर फॉर्म आणि बेसिक ऑथ परत चालू करून ग्राफाना रीस्टार्ट करायच्या पायऱ्या लिहून ठेवा, एकदा करूनही बघा. टोकनांच्या यादीची पुढची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.