वरच्या आरपीएमला गाडी दम सोडते? व्हॅक्यूम टाकी तपासा

सहा सिलिंडरची जुनी स्पोर्ट्स कार ४,५०० आरपीएमपुढे ओढतच नव्हती. चेक इंजिनचा दिवा बंदच. इंजिनला हवा नेणाऱ्या तिच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये लांब आणि आखूड अशा दोन वाटा आहेत; वरच्या आरपीएमला फ्लॅप (झडप) आखूड वाट उघडतो. या फ्लॅपला पोझिशन सेन्सर नसल्यामुळे तो हलला नाही तरी ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) पत्ताच लागत नाही. या मॅनिफोल्डमध्ये आखूड वाट व्हॅक्यूमने उघडते.

फ्लॅप हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला हातपंपाने ५०० मिमी पाऱ्याइतका व्हॅक्यूम दिला. दांडा पूर्ण सरकला, पंपाच्या मीटरची सुई मिनिटभर हलली नाही. म्हणजे आतला डायफ्राम (पडदा) ठीक. व्हॅक्यूमची वाट उघड-बंद करणारा सोलेनॉइडही १२ व्होल्टवर ‘टक’ करत होता.

मेख पुढे आहे. फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळपास उरतच नाही, फ्लॅप टाकीत साठलेल्या व्हॅक्यूमवर चालतो. टाकीकडची रबरी नळी कोपऱ्यात कडक होऊन चिरली होती, एकाच दिशेने हवा सोडायला हवा असा चेक व्हॉल्व्ह दोन्हीकडून फुंकर सोडत होता. दोन्ही बदलले. नळी जाड भिंतीचीच घ्या. पातळ आतून चपटी होते.