घरातल्या नैराश्याचा वंशवृक्ष: कसा काढायचा, काय विचारायचं

मनोविकार विभागात येणाऱ्यांच्या घरचा इतिहास लिहून घेणं हे माझं रोजचं काम. "घरात कुणाला नैराश्य होतं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे, आमच्यात कुणालाच नाही." म्हणून मी तसं विचारतच नाही. कुणी महिनोन्‌महिने अंथरूण धरलं होतं का? कुणाचं जेवणखाणावरून मन उडालं होतं? बाळंतपणानंतर कुणी बाळाकडे बघेनासं झालं होतं? असं विचारलं की आधी एखादी मावशी आठवते, मग धाकटे काका.

कागदावर तीन पिढ्या मांडा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला त्रास झाला तो आकार काळा करा. आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं आधी भरा, बाकीचे नंतर. धडधाकट माणसाचंही आजचं वय लिहा. अठरा वर्षांच्या पुतण्याला आजवर काही झालं नाही आणि सत्तरीच्या आत्याला काही झालं नाही, या दोन्हींचा अर्थ एक नव्हे.

खरी मेहनत आहे ती त्रास सुरू झाला तेव्हाचं वय काढण्यात. लोक पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले ते वय सांगतात, आणि दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं असतं. साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. एक बाई "पस्तिशीत सुरू झालं" म्हणाल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षाचं विचारलं, तर म्हणाल्या, "तेव्हा केस विंचरायलाही हात उचलत नव्हता. आईच विंचरायची." मी 35 वर काट मारून 15 लिहिलं.

सुरुवातीच्या या वयासाठी एवढा आटापिटा का? जुळ्यांच्या अभ्यासांवरून तीव्र नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 37 टक्के निघतो. (हा आकडा समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा, तुमच्या एकट्याच्या दुखण्याची वाटणी नव्हे.) आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला आजार असेल, तर धोका इतरांच्या दोन ते तीन पट. कमी वयात सुरू होऊन पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या आजारात घराण्याचं ओझं सहसा जास्त दिसतं. नैराश्याचा पहिला झटका साठीनंतर आला, तर डॉक्टर रक्तवाहिन्यांचे विकार, थायरॉईड, स्मृतिभ्रंशाची सुरुवात हेही तपासतात. तरी "आईला होतं, म्हणजे मला होणारच" हे गणित चुकीचं. ज्यांच्या आईवडिलांना आजार होता अशा कित्येकांना तो कधीच होत नाही.

दोन गोष्टी लाल पेनानं लिहा. एक, घरातली आत्महत्या किंवा तसा प्रयत्न. दुसरी, कुणी दिवसचे दिवस जेमतेम झोपूनही उत्साहानं फसफसत होतं का, वारेमाप खर्च करत होतं का. असा माणूस जवळच्या नात्यात असेल तर डॉक्टर द्विध्रुवी आजाराची (कधी नैराश्य, कधी असा अतिउत्साह) शक्यता धरतात आणि औषध त्या बेतानं निवडतात.

थुंकीवरून जनुक तपासून नैराश्याचं भविष्य सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, असं माझं मत. 2003 मध्ये सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाहून नेण्याशी संबंधित एका जनुकाचा फार गाजावाजा झाला: त्याच्या एका प्रकारामुळे ताणानंतर नैराश्याचा धोका वाढतो, असा दावा होता. 2019 मध्ये लाखो लोकांची माहिती चाळल्यावर तो दावा टिकला नाही. आता नैराश्याशी जोडलेल्या शेकडो जागा माणसाच्या जनुकसंचात सापडल्यात, पण एकेकीचा परिणाम चिमूटभर.

कागदावर पूर्ण नावं नकोत, आद्याक्षरं पुरे. ज्या नातेवाइकानं सांगू नको म्हटलं असेल, त्याचं नुसतं नातं आणि वय लिहा. डॉक्टरांना तेवढं चालतं.