बेळगाव कसं वाढलं ते मॅपवर कसं वाचायचं

मोबाईलवर सॅटेलाईट व्ह्यू लावा आणि आधी खडेबाजार, गणपत गल्ली शोधा, एकाला एक चिकटलेली छपरं दिसली की समजायचं हे जुनं शहर. बर्जेस नावाच्या अभ्यासकानं १९२५ मध्ये शिकागो बघून सांगितलं की शहर मधून बाहेर गोल कड्यांनी वाढतं. आता इथनं कड्या काढून बघा, कॅम्पापाशी (छावणीपाशी) लगेच तुटतात, कारण ती जमीन लष्कराची, तिथं कोण बिल्डिंग मारणार!

मग रस्ते धरा. होयट या दुसऱ्या अभ्यासकाचं म्हणणं (१९३९) असं की वाढ मोठ्या रस्त्याला धरून पाचरीसारखी बाहेर जाते. खानापूर रोड पकडा, टिळकवाडी, उद्यमबाग, पुढं मच्छे, बरोब्बर बसतंय की नाही? मला आपल्याकडं हीच थिअरी जास्त पटते.

शहापूर मात्र वेगळं बघायचं. ते सांगली संस्थानात होतं, त्यामुळं त्याची पेठ आधीपासनंच स्वतंत्र, आणि हॅरिस आणि उलमन या अभ्यासकांनी १९४५ ला हेच मांडलं की शहराला एकच मध्य नसतो, अनेक असतात. २०१२ ला हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध (कर्नाटक विधिमंडळाची इमारत) झालं, ते पण असंच एक नवं केंद्र म्हणायचं, पण अधिवेशन नसलं की तिथं फारशी वर्दळ नसते.

शेवटी वडगाव-अनगोळच्या कडेला झूम करा. गल्ली मधेच वाकडी वळली तर तिथं बहुतेक भातशेताचा बांध होता, शेत तुकड्यातुकड्यानं विकलं गेलं आणि प्लॅन नंतर आला. अशा ठिकाणी प्लॉट बघताय तर आधी एनएचे (जमीन बिगरशेती केल्याचे) कागद आणि मंजूर लेआऊट मागा, रस्त्याची रुंदी टेप लावून मोजा, आणि पावसाचं पाणी कुठनं जातं ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, एजंटाला नको.